घुम्याच्या खोलीतली ऊब

अक्काचं काम होतं माणसांना किती ऐकू येतं ते तपासायचं. कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला जाड दाराची एक चिंचोळी खोली होती. आतून भिंतींना स्पंज, समोर काचेची खिडकी. त्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेच्या अलीकडे बसून मशीनवरून एकेक सूर सोडत जायचं. आधी ठणठणीत, मग बारीक, मग इतका बारीक की तो आहे की नाही असा संभ्रम पडावा. "ऐकू आलं की बटण दाबा," अक्का प्रत्येकाला सांगायची. "आल्यासारखं वाटलं तरी दाबा. ही परीक्षा नाही, कुणी नापास करणार नाही." तरी म्हातारी माणसं लबाडी करायचीच. सूर सुरू व्हायच्या आधीच बटण दाबून मोकळी व्हायची. मग अक्का काचेवर टकटक करून म्हणायची, "आजोबा, दम धरा. अजून मी काही लावलंच नाही."

लहानपणी तिच्या स्वतःच्या कानात एकदा गोम शिरली होती. आईने कोमट तेल ओतून ती बाहेर काढली, पण तेवढ्या वेळात आत जे काही वळवळलं ते अक्का जन्मात विसरली नाही. पुढे झुरळ दिसलं तरी ती खुर्चीवर चढायची आणि खाली उतरायला कुणीतरी हात द्यावा लागायचा. हा हात बहुतेक वेळा धाकट्या भावाचा असायचा.

या भावाला सगळे घुम्या म्हणायचे. बोलायचा कमी, आणि बोलला तरी निम्मं. शाळेतून आला की अक्का विचारायची, "पेपर कसा गेला?" तर म्हणायचा, "गेला." आई लवकर वारली, मधली बहीण लग्न होऊन लांब गेली, आणि घरात राहिले वडील, अक्का आणि घुम्या. वडिलांना सिगारेटचं भारी वेड. एक विझायच्या आत दुसरी पेटायची. शेवटी छाती भात्यासारखी वाजायला लागली आणि वर्षभर मागच्या खोलीत अंथरुणावर पडून, श्वासाश्वासाला झगडून ते गेले. ते सगळं अक्काने काढलं. ते गेले त्या दिवशी तिने घुम्याला त्याच खोलीत उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली, की आयुष्यात सिगारेटला हात लावणार नाही. घुम्याने मान हलवली. "तोंडाने बोल," अक्का म्हणाली. "नाही लावणार," तो म्हणाला.

पुढे ती मागची खोली त्याचीच झाली. सार्वजनिक बागेत एक मोठं काचघर होतं, उष्ण प्रदेशातली झाडं जगवायचं. बाहेर कितीही गारठा असो, आत कायम वाफ आणि घाम. घुम्या तिथे कामाला लागला आणि तिथलाच होऊन गेला. लग्नाचं अक्कानेही मनावर घेतलं नाही, त्यानेही नाही. दोघं आपापल्या वेळेला निघायची, संध्याकाळी परत यायची, जेवायची. जेवणं झाली की घुम्या खोलीत जायचा, आणि भिंतीपलीकडून पेपरची पानं उलटल्यासारखी सळसळ ऐकू यायची. अक्काला तेवढी सोबत पुरायची.

बिनसलं ते बोटांवरून. एके दिवशी ताट पुढे सरकवताना अक्काला त्याच्या उजव्या हाताची बोटं दिसली. टोकांना पिवळट तपकिरी डाग. असली बोटं तिने वर्षानुवर्षं पाहिली होती. वडिलांचीच बोटं ती. "काय आहे हे?" तिने विचारलं. घुम्याने हात मांडीखाली घेतला. "कामावरचं आहे," म्हणाला. पुढे मधूनमधून ते डाग दिसतच राहिले. हाताला एक उग्र वासही यायचा, तंबाखूचा नाही, पण काहीतरी दडपायला लावलेल्या औषधाचा असावा तसा. त्यातच त्याने खोलीच्या खिडकीला जाड पडदा लावला, झाडलोट स्वतः करायला लागला, आणि कामावर जाताना दाराला कुलूप घालायला लागला. अक्काने जे समजायचं ते समजून घेतलं. ज्या खोलीत बाप धुरापायी गेला, तिथेच हा बसून धूर काढतो! तिने त्या खोलीचा उंबरा ओलांडणं सोडलं. बोलणंही कामापुरतं उरलं. घुम्या मुळातच घुम्या, त्यामुळे घर अगदी मुकं झालं.

शेवटच्या सकाळी तो डबा भरत होता. बोटं नेहमीपेक्षा काळी दिसत होती. अक्काच्या डोक्यात तिडीक गेली.

"शपथ घेतली होतीस," ती म्हणाली. "बाबांच्या उशाशी उभं राहून घेतली होतीस. मला वाटायचं तू बोलत नाहीस, पण खोटं तरी बोलणार नाहीस."

"अक्का—"

"नको. तुझं तोंडसुद्धा बघायची इच्छा नाही मला."

घुम्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "संध्याकाळी आल्यावर सांगतो तुला. सगळं सांगतो." त्याच्या मानाने हे भाषणच झालं. अक्काने पाठ फिरवली ती दार लागल्याचा आवाज येईपर्यंत फिरवलेलीच ठेवली.

दुपारी बागेतून फोन आला. काचघरात झाडांना पाणी घालता घालता तो खाली बसला, आणि बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. मधली आली, रडली, चार दिवस राहिली, आणि जाताना म्हणाली, "खोली तेवढी आवरून टाक गं. नाहीतर तुला ती खायला उठेल." खोलीची किल्ली घुम्याच्या खिशात सापडली होती. अक्काने ती खिळ्याला अडकवली आणि तिकडे पाहायचं टाळायला लागली.

मधली गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी अक्का स्वयंपाकघरात एकटी जेवत बसली होती, तेव्हा भिंतीपलीकडून सळसळ आली. पेपरची पानं उलटल्यासारखी. थांबली, परत आली. अक्काचा घास हातातच राहिला. आपण इतकी वर्षं हा आवाज ऐकत आलो, सवयीने कानात भरून राहिला असेल, असं तिने मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी आल्यावर सांगतो, असं म्हणाला होता. आणि आवाज बरोबर तो कामावरून घरी यायचा त्याच सुमाराला सुरू होत होता.

एका रविवारी भर दुपारी तिने धीर केला. कपडे काढून कुणाला तरी देऊन टाकावेत, एवढंच निमित्त. कुलूप उघडलं. आत अंधारलेलं होतं, पडदा ओढलेला. सिगारेटचा वास तिने हुंगून पाहिला, तर तो नव्हता. ओल्या मातीचा, पानं कुजल्याचा वास होता. वास येतच असतो बंद खोलीला, असं म्हणत ती आत शिरली. खाटेवर चादर नीट घडी मोडून पसरलेली, बाजूंनी जाड घोंगडी जमिनीपर्यंत लोंबणारी. बाहेरच्या गारठ्याच्या मानाने खोली कोंदट वाटत होती. अक्का खाटेच्या कडेला टेकली आणि आधारासाठी हात गादीवर ठेवला.

गादी ऊबदार होती.

माणूस आत्ताच उठून गेला की अंथरूण असतं तशी, मधोमध, पाठ टेकते तिथे. अक्काने हात उचलला, पुन्हा ठेवला. ऊब होतीच. ती खोलीतून बाहेर कशी आली, कुलूप कसं लावलं, तिला आठवत नाही. भानावर आली तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती.

हे कुणाला सांगायचं? मधलीला सांगितलं असतं तर ती पहिल्या गाडीने येऊन अक्काला उचलून घेऊन गेली असती. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या असत्या. अक्का दवाखान्यात गेली, माणसं तपासली, आणि सगळे गेल्यावर स्वतःच त्या स्पंजाच्या खोलीत जाऊन बसली. "डॉक्टर, जरा माझेही कान बघता?" तिने विचारलं. डॉक्टर हसले, पण काचेपलीकडे बसले. कागद हातात आला तेव्हा तो वाचायला अक्काला कुणाची गरज नव्हती. जाडे सूर ठीक होते. बारीक सूर, वरच्या पट्टीचे, मात्र गेले होते. वयाने जातात तसेच. पानांची सळसळ, कागदाचा आवाज, किड्यांची किरकिर, असलं काही तिला आता भिंतीच्या अलीकडून ऐकू येण्याचं कारणच नव्हतं.

"कधीपासून कमी वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कमी नाही हो वाटत," अक्का म्हणाली. "जास्त वाटतंय."

त्या संध्याकाळी आवाज आला तेव्हा तिला एकदम राग आला. आयुष्यभर ज्याच्याकडून एकेक शब्द पक्कड लावून काढावा लागला, तो आता रोज दारात येऊन उभा राहणार आणि बोलणार मात्र काहीच नाही? तिने टॉर्च घेतला, कुलूप उघडलं आणि उंबऱ्यावरूनच मोठ्याने म्हणाली, "घुम्या, काय सांगायचंय ते सांग एकदाचं आणि मोकळा हो. मी ऐकतेय."

सळसळ झाली. खाटेवरून नाही, खालून.

अक्काने घोंगडीचं टोक धरलं आणि वर उचललं. टॉर्चच्या उजेडात खाटेखाली मधोमध काच चमकली. मासे ठेवतात तसली लांबट पेटी, वर जाळीचं झाकण, बाजूला चिकटवलेला पाठ शेकायचा विजेचा पॅड, आणि त्याची वायर भिंतीतल्या बटणापर्यंत गेलेली. पेटीत वीतभर काळी माती, वाळकी पानं, कुजलेल्या लाकडाचे तुकडे. आणि त्या पानांवरून काहीतरी चालत होतं. अंगठ्याएवढं जाड, वीतभराहून लांब, काळंभोर, तेल लावल्यासारखं तकतकीत, आणि खाली दोन्ही बाजूंना तांबूस पायांच्या रांगा. पाय मोजायला कुणी बसलंच नसतं. त्यांतून एक लाट मागून पुढे जात होती, मग दुसरी, आणि ते धूड आपलं सावकाश काचेला तोंड लावून चढू पाहत होतं, पडत होतं, पुन्हा चढत होतं.

अक्का किंचाळली की नाही हे तिलाही सांगता येत नाही. खालच्या मजल्यावरून कुणी आलं नाही, म्हणजे बहुधा नसावी. ती खुर्चीवरही चढली नाही. ती तशीच उकिडवी बसून राहिली, कारण एक गोष्ट तिच्या ध्यानात येत होती, की अंथरुणातली ऊब या पॅडची. म्हणजे घुम्या इथे नव्हताच. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला भरून आलं.

मग मात्र तिने पदर खोचला. ही घाण घरातून बाहेर जायलाच हवी. जाड फडकं घेतलं, झाकण सरकवलं, डोळे अर्धे मिटले आणि त्या प्राण्याला धरलं. त्याने एका क्षणात स्वतःची गुंडाळी केली, घट्ट, जिलेबीसारखी गोल, आणि फडक्यातून काहीतरी ओलं तिच्या बोटांना लागलं. पिवळट पाणी. त्याबरोबर वास आला. उग्र, औषधी, जखमेवर लावायच्या टिंक्चरसारखा. अक्काने हात झटकून गुंडाळी पेटीत टाकली. वास ओळखीचा होता. कुठे घेतला होता हे मात्र घाबरलेल्या डोक्याला आठवेना. तिने साबणाने तीनतीनदा हात धुतले आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती डॉक्टरांना कागद देत होती. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अक्का, हे काय? या वयात सिगारेट?"

"काय?"

"बोटं बघा तुमची."

अक्काने बोटं पाहिली. टोकांना पिवळट तपकिरी डाग. साबणाने न गेलेले. ती वळली, स्पंजाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर माणसं खोळंबली, डॉक्टरांनी काचेवर टकटक केली, पण ती खाली मान घालून बसून होती. त्या खोलीतून आवाज बाहेर येत नाही, ही त्या दिवशी एक सोयच झाली.

बागेत फोन करून तिने घुम्याच्या सोबत्याला बोलावून घेतलं. त्यांना तिथे सगळे माळीकाका म्हणायचे. ते लगेच आले, चपला बाहेर काढल्या, खाटेपुढे वाकले आणि आनंदाने म्हणाले, "अरे वा, जिवंत आहे की महाराणी! मला वाटलं, गेली असेल उपाशी."

"महाराणी?"

"मादी आहे ती. याला सहस्रपाद म्हणतात. आपल्याकडे पावसात निघतो ना, वाणी म्हणतात, कुणी पैसा म्हणतं, हात लावला की गोल होतो? त्याचाच हा उष्ण देशातला थोरला भाऊ. चावत नाही, काही नाही. गरीब जनावर आहे, कुजकी पानं खाऊन राहतं." माळीकाका मांडी घालून बसले. "झाडांच्या कुंड्या आल्या होत्या लांबून. त्यांच्या मातीत निघाली. साहेब म्हणाले, मारा. घुम्याने उचलली आणि डब्यात घालून घरी आणली. आम्ही म्हटलं, अरे, घरी बहीण आहे ना तुझी? तर म्हणतो, तिला कळलं तर ती मलाच डब्यात भरून बाहेर ठेवेल."

"आणि सिगारेट?" अक्काने विचारलं.

"कुणाची?"

"त्याची."

माळीकाका तिच्याकडे बघतच राहिले. "घुम्या सिगारेट ओढायचा? अहो ताई, आम्ही काचघराच्या मागे जाऊन बिडी पेटवली तरी तो चार दिवस बोलायचा नाही. म्हणजे एरवीही बोलायचा नाही, पण तेव्हा मुद्दाम." मग त्यांची नजर तिच्या बोटांवर गेली. तीही तिकडेच बघत होती हे त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "ते होय," ते हळू म्हणाले. "घाबरली की असं पाणी सोडते ती. पेटी साफ करताना व्हायचंच. तुम्हाला ते सिगारेटचं वाटत होतं?"

अक्काने मान हलवली.

"तरीच. त्या दिवशी सकाळी आला तो म्हणाला, आज अक्काला सांगून टाकतो. खूप ओरडेल, पण सांगतो. मी म्हटलं, मग इतके दिवस का नाही सांगितलंस? तर म्हणतो, तिच्या कानात लहानपणी गोम गेली होती. रात्रभर तिला झोप यायची नाही, घरात असलं काही आहे म्हटल्यावर. त्यापेक्षा चिडू दे."

ते बराच वेळ बसले. जाताना म्हणाले की काचघरात आता नवे साहेब आलेत, किडीच्या औषधाचे फवारे मारतात, तिथे ही जगायची नाही. त्यांनी घरी नेली असती, पण सूनबाई दोघांनाही एकदमच बाहेर काढतील. अक्का म्हणाली, "राहू दे इथेच. त्याची पाहुणी आहे."

अशी ती राहिली. अक्का काकडीच्या चकत्या घालायची, अंड्याची टरफलं कुटून मातीवर भुरभुरायची, पाणी शिंपडायची. हे सगळं ती लांब दांड्याच्या चमच्याने करायची, आणि सुरुवातीला तर मान दुसरीकडे वळवून. तिची भीती गेली नव्हती. संध्याकाळी आवाज यायचा, आणि आता तो कुणाचा हे तिला ठाऊक होतं. निदान ठाऊक आहे असं ती धरून चालली. कागदावर तिच्या कानांचं जे आलं होतं त्याचा विचार ती मनात येऊ देत नसे.

थंडी वाढली तेव्हा एके दिवशी काकडी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही. पेटीत कुणीच दिसेना, फक्त मातीत एक भोक. अक्काने माळीकाकांना फोन केला. "कात टाकायला गेली असेल खाली," ते म्हणाले. "महिना लागेल, दोन लागतील. काही झालं तरी उकरू नका, ताई. तेव्हा तिचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. धक्का लागला तर मेलीच समजा."

"आणि आधीच मेली असेल तर?"

"तर तीही तिथेच असेल. उकरून काय कळणार?"

अक्का रोज पेटीजवळ बसायला लागली. माती हलते का ते बघायची. हलायची नाही. पानं जिथे होती तिथेच, काच कोरडी. आणि अशा एका संध्याकाळी ती पेटीसमोर खाटेखाली डोकं घालून बसलेली असताना सळसळ झाली. तिच्या पाठीमागून, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून, जिथे घुम्याची खुर्ची होती तिथून. पेटीतलं एक पान हललं नव्हतं.

अक्काने डोकं बाहेर काढलं नाही. काढलं तर काय दिसेल याची भीती वाटली, आणि काहीच दिसणार नाही याची त्याहून जास्त. ती तशीच बसली, आवाज थांबेपर्यंत.

पुढच्या रविवारी तिने माळीकाकांना चहाला बोलावलं आणि घुम्याच्या खोलीत बसवून दिवेलागणीपर्यंत गप्पांत गुंतवून ठेवलं. आवाज सुरू झाला तशी ती गप्प झाली. "ऐकू येतंय?" तिने विचारलं. माळीकाकांनी मान तिरकी केली, कान लावला. "नाही बुवा," ते म्हणाले. थोड्या वेळाने, कप खाली ठेवत, खुर्चीकडे न बघता म्हणाले, "येत असेल तर येऊ द्या, ताई. कुठे जाईल तो दुसरीकडे?"

ते गेल्यावर अक्का त्या खुर्चीसमोर खाटेवर बसली आणि बोलली. तू सांगणार होतास ते मला कळलं, म्हणाली. सिगारेटचं, पेटीचं, सगळं. चूक माझीच होती. तू शपथ मोडली नाहीस. पण तूही गाढवच, एक शब्द बोलला असतास तर काय जीभ झडली असती? बोलता बोलता ती रडली, मग डोळे पुसून वाट पाहत बसली. तिला वाटलं होतं, आता संपेल. माणसाला सांगायचं असतं ते राहिलेलं असतं म्हणून तो घुटमळतो, आणि आता राहिलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवाज पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. अक्का स्वयंपाकघरात जेवत होती, तिने घास घेतला आणि ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं."

गारठा ओसरायला लागला तेव्हा महाराणी वर आली. अक्का सकाळी पाणी शिंपडायला गेली तर ती पानांवर होती, आधीपेक्षा जाड, इतकी काळी आणि झगझगीत की काल घडवलेली वाटावी. अक्काने हातातला चमचा बाजूला ठेवला. तिने झाकण सरकवलं, आणि डोळे न मिटता तळहात मातीवर पालथा न ठेवता उताणा ठेवला. ती हळूहळू आली. आधी मिशांनी चाचपून पाहिलं, मग चढली. पाय टोचत नव्हते. मऊ ब्रशने कुणी तळहात झाडावा तसं वाटत होतं. अक्काचं सगळं अंग शहारलेलं होतं, तरी तिने हात काढला नाही. त्या दिवशी ती दवाखान्यात उशिरा पोहोचली आणि डॉक्टरांना काही कारण सांगितलं नाही.

घरातली वाळकी पानं संपली तेव्हा माळीकाका म्हणाले, "काचघरातली चालतील. फवारा न मारलेला एक कोपरा मी राखून ठेवलाय. पण माझे गुडघे काम देत नाहीत, तुम्हीच येऊन भरून न्या." अक्का इतक्या वर्षांत एकदाही तिथे गेली नव्हती. घुम्या जिथे बसला तिथे पाय ठेवायचा, हे तिला नकोच वाटायचं. तरी ती गेली. आत पाणी ठिबकतं, कपडे खराब होतात, म्हणून जाताना तिने त्याचा कामाचा खाकी कोट दाराआडून काढला आणि अंगात चढवला. बाह्या लांब होत्या, त्या दुमडल्या. केस भिजू नयेत म्हणून टोपीही घातली.

काचघरात शिरताच वाफेने तिचा चष्मा आंधळा झाला. तो पुसत, चाचपडत ती मोठ्या पानांच्या मधल्या वाटेने राखलेल्या कोपऱ्याकडे चालत राहिली. वरून थेंब पडत होते. खाली पडलेली पानं दिसली तशी ती वाकून पिशवीत भरायला लागली. पाठीमागे काहीतरी खणकन पडलं.

ती वळली. माळीकाका वाटेच्या टोकाला उभे होते, पाण्याची झारी पायाशी आडवी, पाणी वाहून चाललेलं. चेहरा कागदासारखा पांढरा.

"मी आहे, काका," अक्का म्हणाली. "मी, अक्का."

"हो, हो. कळलं मला." ते लगेच म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. "तुम्ही वाकलात ना पानं उचलायला, तेव्हा..."

अक्काने चष्मा पुसून पुन्हा घातला. तिला त्यांची कीव आली. गेले कित्येक महिने तीही असाच चेहरा घेऊन वावरत होती, आणि तो बाहेरून कसा दिसतो हे तिला आजच कळत होतं. ती पुढे झाली, झारी उचलून उभी केली आणि त्यांच्या हाताला धरून त्यांना जवळच्या दगडी कठड्यावर बसवलं.

"घुटका घ्या पाण्याचा," ती म्हणाली. "आणि मग मला सांगा, तो बसला होता ती जागा कुठली."

माळीकाकांनी त्याच राखलेल्या कोपऱ्यात बोट दाखवलं. एका रुंद पानांच्या झाडाखाली ओली, काळी जमीन होती, वर गळून पडलेली पानं. अक्का तिथे जाऊन जरा वेळ उभी राहिली. मग पिशवी घेऊन तिथलीच पानं वेचायला खाली बसली.